यात्रेकरूची खरेदी आणि न्याय्य मोल

परदेशगमन ही एके काळी थोड्यांची गोष्ट होती. आता ती पुष्कळांच्या आवाक्यात आली आहे. आपल्या मंदिराशी निगडित असलेल्या कुटुंबांतूनही कोणी सिंगापुरास जाऊन येतो, कोणी बालीस, कोणी मुलाकडे अमेरिकेस. आणि पशुपतिनाथाच्या दर्शनाकरिता काठमांडूस जाऊन आलेली मंडळी तर जवळपास प्रत्येक आळीत सापडतील. प्रवासाहून परतल्यावर पेटी उघडली जाते, आणलेल्या वस्तू शेजाऱ्यापाजाऱ्यांस दाखविल्या जातात, आणि मग एक प्रश्न हटकून विचारला जातो : "केवढ्याला पडले?" उत्तर देणाराही बहुधा याच प्रश्नाची वाट पाहत असतो. "सांगितले होते पाच हजार, मी दोन हजारांत आणले," हे वाक्य उच्चारताना त्याच्या मुखावर जे समाधान झळकते, ते देवदर्शनाची हकीकत सांगतानाही क्वचितच झळकत असेल.

हे समाधान निर्दोष आहे काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. मोठमोठ्या धर्मसंकटांपुढे एका पितळी दिव्याच्या किमतीची ती काय कथा, असे कोणी म्हणेल. परंतु मोठी धर्मसंकटे आयुष्यात दोन-चार वेळाच येतात. बाजारात मात्र आपण रोज जातो. मनुष्याची नीती पारखावयाची तर ती जेथे रोज वापरली जाते तेथेच पारखली पाहिजे. शिवाय परदेशातील बाजारात एक विशेष गोष्ट असते. गावातल्या दुकानदाराशी आपला उद्याही संबंध येणार असतो, त्यामुळे लाजेकाजेने का होईना आपण मर्यादा पाळतो. परदेशात ज्याच्याकडून आपण वस्तू घेतो त्याचे तोंड पुन्हा दिसण्याची शक्यता नसते. जेथे लोकलज्जेचा पहारा उठतो, तेथे उरतो तो केवळ आपला धर्म.

विवेचन मोघम होऊ नये म्हणून आम्ही नेपाळचेच उदाहरण घेतो. आपल्यापैकी अनेकांनी तो देश पाहिला आहे, तेथे जाण्यास आपणांस व्हिसा लागत नाही, तेथील पाटी आपणांस वाचता येते आणि तेथील दुकानदार आपल्याशी हिंदीत बोलतो. परका असूनही परका न वाटणारा असा तो देश असल्यामुळे तेथे आपण अधिक सलगीने वागतो, आणि सलगीच्या भरात अधिक हट्टानेही.

प्रथम पूर्वपक्ष मांडू, आणि तो दुबळा करून मांडणार नाही. घासाघिशीचे समर्थक म्हणतात की, भाव करणे ही बाजाराची भाषाच आहे. विक्रेता मुळात दुप्पट-तिप्पट सांगतो, कारण गिऱ्हाईक अर्ध्यावर आणणार हे त्यास ठाऊक असते. जो न बोलता पहिल्या शब्दाला पैसे टाकतो, त्याच्याविषयी विक्रेत्यास आदर वाटत नाही. भोळे गिऱ्हाईक भेटले म्हणून मनातल्या मनात तो हसतो. दुसरे असे की, काटकसर हा गृहस्थाश्रमाचा गुण आहे. ज्या गृहिणीने चार पैसे वाचवून संसार उभा केला तिच्या भाव करण्यास लोभ म्हणणे हा अन्याय होय. तिसरे असे की, यात्रेकरू म्हणजे कोणी कुबेर नव्हे. वर्षानुवर्षे शिल्लक टाकून तो एकदा बाहेर पडतो, आणि घरी दहा जणांना दहा वस्तू न्यावयाच्या असतात.

हे तिन्ही मुद्दे खरे आहेत. भाव करणे हे सर्वस्वी पाप आहे असा आमचा पक्ष नाहीच. वस्तुतः थमेलसारख्या प्रवाशांनी गजबजलेल्या पेठेत पहिला सांगितलेला भाव निमूट देणे म्हणजे खोट्या भावास बक्षीस देणे होय. त्यामुळे शेजारी बसलेला जो प्रामाणिक दुकानदार पहिल्यापासून रास्त किंमत सांगतो, तोच मूर्ख ठरतो. म्हणून फुगविलेला भाव उतरविणे यात अधर्म नाही. प्रश्न पुढचा आहे. उतरवीत उतरवीत आपण कोठे थांबतो? फुगलेला भाव रास्त पातळीवर आला की थांबतो, की समोरच्याचा धीर सुटेपर्यंत चालूच ठेवतो? पहिले व्यवहारज्ञान होय. दुसऱ्यास काय म्हणावे हे ठरविण्यापूर्वी, आपण ज्या वस्तूचे मोल करीत आहो तीत काय काय सामावलेले असते ते पाहणे अवश्य आहे.

काठमांडूच्या दक्षिणेस, बागमती ओलांडली की पाटण अथवा ललितपूर लागते. तेथील ओकुबहालच्या परिसरात धातूच्या मूर्ती घडविणारी नेवार समाजातील शाक्य घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांची पद्धत अशी : मूर्ती प्रथम मेणात घडविली जाते. मोठी असल्यास हात, आयुधे, कमळ, प्रभावळ ही निरनिराळी घडवितात. त्या मेणाच्या आकृतीवर बारीक माती व गाईचे शेण यांच्या मिश्रणाचे लेप देतात, आणि त्यावर भाताचे तूस मिसळलेल्या मातीचे जाड थर चढवितात. प्रत्येक थर नीट वाळावा लागतो. पावसाळी दमट हवेत त्यास किती दिवस लागतील याचा नेम नसतो. मग साचा तापवून मेण वितळून जाऊ देतात आणि त्या पोकळीत तांब्याचा रस ओततात. निवाल्यावर साचा फोडावा लागतो. म्हणून एका मेणापासून एकच मूर्ती निघते, तिची हुबेहूब दुसरी प्रत नसते. ओतताना हवेचा बुडबुडा राहिला अथवा रस एखाद्या बोटापर्यंत पोहोचला नाही, तर कित्येक दिवसांची मेहनत पुन्हा भट्टीत जाते.

एवढे झाल्यावर मूर्ती हातात येते ती खरबरीत. त्यानंतर छिन्नी आणि कानस यांचे काम सुरू होते. वस्त्रावरील वेलबुट्टी, मुकुटावरील रत्ने, नखे, पापण्या सर्व काही ठोकून कोरून काढावयाचे असते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही आपल्याकडील म्हण तेथे डोळ्यांनी पाहावयास मिळते. शेवटी सोन्याचा मुलामा. जुन्या रीतीने तो द्यावयाचा तर सोने पाऱ्यात कालवून मूर्तीस लावतात आणि तापवितात. पारा वाफ होऊन उडून जातो आणि सोने धातूस धरून राहते. ती पाऱ्याची वाफ विषारी असते आणि ती जवळ बसून काम करणाऱ्याच्या छातीत जाते. दुकानाच्या काचेआड जी सुवर्णकांती आपणांस मोहविते, तिच्यात कोणाचे तरी आरोग्य खर्ची पडलेले असते, हे भाव सांगताना दुकानदार सांगत नाही आणि भाव पाडताना आपण विचारीत नाही.

ही कला क्षुद्र नव्हे. इसवी सन १२६० च्या सुमारास याच खोऱ्यातून अरनिको नावाचा तरुण कारागीर ऐंशी शिल्पकारांच्या तुकडीचा प्रमुख होऊन तिबेटात गेला आणि तेथून कुब्लाई खानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंग येथील १२७९ साली पूर्ण झालेला शुभ्र स्तूप त्याचीच निर्मिती असून तो आजही उभा आहे.  सम्राटाने ज्या हातांचा सन्मान केला, त्या हातांच्या वारसदारांपाशी आपण "यात काय एवढे आहे?" असे म्हणून निम्मी किंमत मागतो.

आता कोणी असे म्हणेल की, आम्ही भाव करतो तो दुकानदाराशी, कारागिराशी नव्हे. दुकानदाराचा नफा कमी झाला तर त्यात कारागिराचे काय गेले? युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो, पण टिकत नाही. दुकानदारास जागेचे भाडे भरावयाचे असते, ते आपल्या घासाघिशीने कमी होत नाही. विजेचे देयक कमी होत नाही, सावकाराचे व्याज कमी होत नाही. या साखळीत ज्याचे म्हणणे सर्वांत कमी चालते त्याच्याच वाट्यास कपात येते, आणि तो बहुधा घडविणारा असतो. पाणी जसे उताराकडे धावते, तसा तोटाही सर्वांत खालच्या माणसाकडे धावतो. एका यात्रेकरूने वाचविलेल्या शे-दोनशे रुपयांनी कोणी भिकेस लागत नाही हे खरे. पण हजारो यात्रेकरूंच्या अशा वाचविण्याची बेरीज म्हणजेच त्या कारागिराची मजुरी होय. ती मजुरी पुरेनाशी झाली की त्याचा मुलगा छिन्नी खाली ठेवतो आणि आखाती देशांत अथवा मलेशियात मोलमजुरीस जातो. नेपाळातून असे जाणाऱ्या तरुणांची संख्या लाखांनी मोजली जाते.

आणि छिन्नी खाली ठेवली गेली तर काय बिघडले, असे ज्यास वाटत असेल त्याने २५ एप्रिल २०१५ हा दिवस आठवावा. त्या दिवशीच्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे मृत्युमुखी पडली. काठमांडूचे काष्ठमंडप, ज्याच्यावरून त्या नगरास नाव मिळाले, ते जमीनदोस्त झाले. पाटणच्या दरबार चौकातील चारनारायणाचे आणि हरिशंकराचे मंदिर कोसळले. पुढे ही देवळे पुन्हा उभी राहिली. काष्ठमंडपाचे काम २०२२ पर्यंत पुरे झाले. ती उभी राहू शकली याचे एक मुख्य कारण असे की, जुन्या पद्धतीने लाकूड कोरणारे, खांबास खांब जोडणारे, विटा रचणारे हात त्या खोऱ्यात अद्याप शिल्लक होते. एरवीच्या काळात हेच हात प्रवाशांकरिता खिडक्यांच्या लहान प्रतिकृती आणि मुखवटे कोरून पोट भरतात. म्हणजे आपण जी वस्तू 'शोभेची' म्हणून घेतो, तिच्या किमतीवर एका देशाच्या देवळांची पुनर्बांधणी अवलंबून असते. मंदिराच्या सभासदांस याहून अधिक सांगणे नलगे.

येथे महाभारतातील एक आख्यान आठवते. शांतिपर्वात जाजली नावाच्या तपस्व्याची कथा आहे. त्याने एवढे निश्चल तप केले की पक्ष्यांनी त्याच्या जटांत घरटे केले, अंडी घातली, पिले उडून गेली, तरी तो हलला नाही. त्यास अभिमान झाला की आपण धर्म साधला. तेव्हा त्याने अदृश्य वाणी ऐकली की, काशीतील तुलाधार नावाच्या वाण्याची सर तुला नाही. जाजली विस्मयाने काशीस गेला, तो तुलाधार दुकानात बसून माल विकीत होता. त्याने तपस्व्यास जो उपदेश केला त्याचा मथितार्थ असा की, माझा तराजू सर्व प्राणिमात्रांविषयी सारखा आहे. कोणाचा द्रोह न करता, अथवा कमीत कमी द्रोह करून जगावे, हाच माझा धर्म. महर्षींची उणीव एका वाण्याने भरून काढावी, आणि तीही तराजू हाती धरून, यात व्यासांचे मोठे मर्म आहे. बाजार हे धर्माबाहेरचे ठिकाण नव्हे. योगायोग असा की, काठमांडूच्या असन पेठेत पूर्वापार ल्हासाशी व्यापार करणारी जी नेवार घराणी आहेत, त्यांचे आडनावच तुलाधर, म्हणजे तराजू धरणारे, असे आहे.

मात्र या आख्यानाचा अर्थ लावताना आपण एक सोयीस्कर चूक करतो. तराजू सम ठेवण्याचे कर्तव्य विकणाऱ्याचे आहे असे आपण मानतो. खोटे माप, भेसळ, फसवा भाव यांविषयी आपण तासन्‌तास बोलू. पण गिऱ्हाइकाच्या असत्याचे काय? "पलीकडच्या दुकानात हीच वस्तू निम्म्या दरात आहे," असे पलीकडचे दुकान न पाहताच म्हणणे, हे असत्य नव्हे काय? जी वस्तू आवडली म्हणूनच हातात घेतली, तिला मुद्दाम नावे ठेवणे, "रंग फिका आहे, काम ओबडधोबड आहे" असे घडविणाऱ्याच्या तोंडावर म्हणणे, हे असत्य तर आहेच, वर अपमानही आहे. आणि तास-अर्धा तास भाव करून, आपण मागितलेली किंमत विक्रेत्याने कबूल केल्यावर "नको, असू द्या" म्हणून चालते होणे, हा तर वचनभंगच. शब्द एकदा मागितला आणि दुसऱ्याने तो दिला की आपणही बांधले जातो. तराजूस दोन पारडी असतात, आणि दुसरे पारडे आपल्या हाती असते.

यावरून भाव करण्याच्या तीन मर्यादा आम्हांस सुचतात. पहिली मर्यादा सत्याची : भाव कमी करण्यासाठी खोटे बोलू नये. आपल्या ऐपतीइतकी रक्कम सरळ सांगावी. जमले तर घ्यावे, न जमल्यास नमस्कार करून निघावे. दुसरी मर्यादा गरजेची : समोरचा माणूस नफ्यासाठी विकतो आहे की निकडीपोटी, हे पाहावे. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे आपण हसत हसत म्हणतो. पण अडलेल्याने आपले पाय धरावे म्हणून वाट पाहत बसणे हे हसण्यासारखे नाही. संध्याकाळी दुकान आवरताना, अथवा सकाळी भवानी होण्यापूर्वी, विक्रेता अगदी खाली येतो हे पुष्कळांस ठाऊक असते आणि तीच वेळ साधून ते जातात. इंद्रचौकातील पोतेबाजारात, जेथे सौभाग्यवतींनी घालावयाच्या काचमण्यांच्या माळा गुंफून मिळतात, तेथे सकाळच्या वेळी आमच्या बरोबरच्या मंडळींनी पहिल्या विक्रीच्या शुभशकुनाचा असा फायदा घेतलेला आम्ही पाहिला आहे. सौभाग्याचे लेणे घेताना दुसऱ्याच्या श्रद्धेलाच वेठीस धरले जात आहे, हे कोणाच्या ध्यानी आलेले दिसले नाही. तिसरी मर्यादा प्रमाणाची : ज्या रकमेसाठी आपण हटून बसलो आहो ती आपल्या दृष्टीने काय आहे आणि त्याच्या दृष्टीने काय, याचा हिशेब करावा. १९९३ सालापासून आपल्या एका रुपयास नेपाळचे एक रुपया साठ पैसे हा दर ठरलेला आहे. म्हणजे नेपाळी शंभर रुपयांकरिता भांडताना आपण आपल्या साडेबासष्ट रुपयांकरिता भांडत असतो. विमानतळावर एक पेला चहा घेताना याहून अधिक पैसे आपण चकार शब्द न काढता देतो. कारण तेथे भाव छापलेला असतो आणि समोर गरजू मनुष्य उभा नसतो. छापील भावापुढे आपण नम्र होतो आणि गरिबाच्या शब्दापुढे शूर होतो, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

आम्ही भिक्षुकाच्या घरात वाढलो आहो, म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजूही आम्हांस थोडी परिचित आहे. पूजा संपल्यावर "गुरुजी, किती द्यायचे?" असे यजमान विचारतात आणि "यथाशक्ती" असे उत्तर आमच्या तीर्थरूपांकडून जाते. या एका शब्दात देणाऱ्यावर केवढा विश्वास टाकलेला असतो! पुष्कळ यजमान तो विश्वास राखतात. काही असेही असतात की मांडववाल्यास आणि आचाऱ्यास जे मोजून देतात, त्याच्या शतांशाने दक्षिणेत हात आखडतात. तक्रार म्हणून आम्ही हे लिहीत नाही. एवढेच सांगावयाचे आहे की, ज्याच्या कामास ठरीव मोल नाही अशा माणसाचे मोल करताना, मोल करणाऱ्याचीच परीक्षा होत असते. दक्षिणा आणि किंमत या निराळ्या गोष्टी आहेत हे मान्य. पण देवाची मूर्ती घडविणारा आणि देवाची पूजा सांगणारा या दोघांच्या श्रमांत आम्हांस फार अंतर दिसत नाही. आपल्याकडे अनेक घरांतून गणेशचतुर्थीच्या मूर्तीचा भाव न करण्याची रीत आहे. ती रीत सरहद्द ओलांडताना विसरून जाण्याचे कारण काय? ज्या संतांची नावे आपण नित्य घेतो त्यांत गोरोबा कुंभार होते, नरहरी सोनार होते. भक्तपूरच्या चौकात चाक फिरविणारे कुंभार प्रजापती हे आडनाव लावतात. गोरोबांच्या मडक्याची आपण घासाघीस केली असती काय, असा प्रश्न मनास विचारून पाहावा.

अतिस्वस्ताईचा आणखी एक दोष आहे, आणि तो आपल्याच पदरी येतो. गिऱ्हाईक जेव्हा खरी किंमत देण्यास तयार नसते, तेव्हा बाजार त्यास खोटी वस्तू पुरवितो. नेपाळच्या पूर्व भागातील भोजपूर, संखुवासभा या जिल्ह्यांत उत्तम रुद्राक्ष होतात. परंतु दुर्मिळ मुखांचा रुद्राक्ष अल्प मोलात हवा असा आग्रह धरणाऱ्यांसाठी दोन मणी डिंकाने जोडलेले, वर रेघा कोरलेले, किंवा लाकडातून अथवा प्लास्टिकमधून घडविलेले रुद्राक्षही तयार असतात. पश्मिन्याची गोष्ट तीच. च्यांग्रा नावाच्या उंचावरील बकरीच्या अंगच्या अतिमऊ लोकरीची ती शाल. एका बकरीपासून ती लोकर मिळते अगदी थोडी. ती तीन-चारशे रुपयांत कशी मिळेल? जी मिळते ती कृत्रिम धाग्याची असते. नाव पश्मिन्याचे आणि धागा कारखान्याचा! येथे फसविणारा दोषी आहेच. पण अशक्य किमतीत शक्य वस्तू मागणारा सर्वथा निर्दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. दाम करी काम, असे आपले पूर्वज म्हणत. दाम न देता काम मागितले की सोंग मिळते.

येथवर विचार केला तो किती द्यावे याचा. आता, किती दिले असता चालेल हा प्रश्नच जेथे उद्भवत नाही, अशा वस्तूंविषयी दोन शब्द. पाटणच्या पाटको टोळातील लक्ष्मीनारायणाची एक पुरातन पाषाणमूर्ती १९८४ साली चोरीस गेली. लैनसिंह बांगदेल यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या चोरीस गेलेल्या मूर्तींच्या ग्रंथात तिची नोंद आहे. पुढे ती लिलावातून परदेशी संग्राहकाकडे आणि तेथून अमेरिकेतील डॅलस येथील संग्रहालयात गेली. इकडे टोळातील लोक तिच्या जागी बसविलेल्या प्रतिकृतीची पूजा करीत राहिले. २०२१ साली ती मूर्ती नेपाळास परत मिळाली आणि त्याच वर्षअखेर आपल्या मूळ स्थानी विराजमान झाली. सदतीस वर्षे देव घराबाहेर होता! ही चोरी करणारा एक, विकणारा दुसरा. पण जोपर्यंत कोणी विकत घेणारा नसतो तोपर्यंत चोरास देवाचा काय उपयोग? घेणाऱ्याने पैसे पूर्ण मोजले म्हणून तो निर्दोष ठरत नाही. तेथे जितके मोल अधिक, तितका दोष अधिक.

आपल्यापैकी कोणी अशी मूर्ती घेईल अशी शंका आम्ही घेत नाही. पण "फार जुनी आहे, गावच्या देवळातली आहे, कोणास सांगू नका," असे कुजबुजत दाखविलेल्या लहानशा प्रतिमेचा मोह श्रद्धाळू मनास अधिक पडतो. जुनी म्हणजे जागृत, असे आपणांस वाटते. ती बहुतेक वेळा मातीत पुरून जुनी केलेली नवीच असते, आणि खरोखर जुनी असल्यास ती कोणाच्या तरी देवघरातून उचललेली असण्याचाच संभव अधिक. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू देशाबाहेर नेण्यास नेपाळात १९५६ च्या कायद्याने बंदी आहे. नवी मूर्ती नेतानाही ती पुरातन नसल्याचे तेथील पुरातत्त्व विभागाचे प्रमाणपत्र जवळ असणे इष्ट. तद्वतच तिबेटी हरणाला मारून मिळणाऱ्या लोकरीची शहातूश शाल आणि हस्तिदंत यांचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराने निषिद्ध आहे. गालिचा घेताना तो बालकांच्या हातून विणलेला नाही याची खूण पाहावी. १९९४ साली कैलास सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 'रगमार्क' या नावाने सुरू झालेली ही खूण आता 'गुडवीव्ह' या नावाने ओळखली जाते. ज्या वस्तूत कोणाचे बालपण विणले गेले आहे, तिच्यावर बसून जप करण्यात काय पुण्य?

मग यात्रेकरूने खरेदी करूच नये काय? तसे मुळीच नाही. घेतलेच नाही तर कारागीर जगणार कशावर? उपदेश करून रिकाम्या हाताने परतणाऱ्यापेक्षा भाव करून घेणारा बरा. आम्ही सुचवितो ते इतकेच : दहा वस्तूंऐवजी तीन घ्याव्या, आणि त्या तीन खऱ्या घ्याव्या. दहा जणांस दहा भेटी दिल्याच पाहिजेत हा नियम कोणत्याही धर्मग्रंथात नाही; लोकटा झाडाच्या सालीपासून हाताने केलेल्या कागदाची एक वही, भक्तपूरच्या कुंभाराची एक पणती, यांनीही स्नेह व्यक्त होतो. शक्य तेथे कार्यशाळेत जाऊन, घडविणाऱ्यास पाहून घ्यावे. पाटणात अशा कार्यशाळांची दारे बहुधा उघडी असतात आणि काम पाहू द्या म्हटले तर कोणी नाही म्हणत नाही. निश्चित भावाची दुकाने आहेत, तेथे जावे. गांधीजींच्या सहवासात राहून नेपाळात चरख्याचा प्रसार करणाऱ्या तुलसी मेहर यांच्या कार्यातून उभी राहिलेली महागुठी ही संस्था पाटणच्या कुपंडोल भागात कारागिरांचा माल ठरीव दराने विकते. बाजाराचा अंदाज यावा म्हणून तेथील किंमत प्रथम पाहून ठेवावी. म्हणजे इतरत्र भाव करताना अंधारात चाचपडावे लागणार नाही, खोटे बोलण्याची पाळीही येणार नाही. जनकपुरास जाणाऱ्यांनी तेथील स्त्रियांनी रंगविलेली मैथिली चित्रे अवश्य पाहावी.

या गोष्टी नेपाळापुरत्याच नाहीत. बालीतील मास गावचा लाकूड कोरणारा, सेलुक गावचा चांदीकाम करणारा, यांच्यापुढेही आपण हेच पारडे हाती घेऊन उभे राहतो. फार लांब कशाला, आपल्या मंदिराच्या दाराशी फुलांची टोपली घेऊन बसणाऱ्या बाईपुढेही आपण तसेच उभे राहतो. परदेशात जी सवय लागते ती पेटीत बांधून आपण घरी आणतो. आणि घरची सवय परदेशी नेतो.

लेख लांबला, तरी एक विनंती करून तो संपवितो. यापुढे कोणी प्रवासाहून येऊन आणलेली वस्तू दाखवील, तेव्हा "केवढ्याला पडले?" हा प्रश्न थोडा मागे ठेवून "कोणी केले? कसे केले?" असे आपण विचारावे. एकदा हा प्रश्न विचारला जाऊ लागला की प्रवासी तेथे असतानाच त्याचे उत्तर शोधू लागेल, आणि उत्तर शोधणाऱ्यास घडविणाऱ्याचे नाव-गाव विचारावेच लागेल. ज्याचे नाव आपणांस ठाऊक आहे त्यास लुबाडणे मनुष्यस्वभावास अवघड जाते. सुज्ञ वाचकांनी आपापल्या अनुभवाच्या कसोटीवर हे विचार घासून पाहावे, आणि आमचे काही चुकत असल्यास अवश्य कळवावे, एवढेच नम्र निवेदन.